रिकाम्या जागेचा नियम

९ जानेवारी

ठोंब्या,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे रागवायला मोकळी.

गप्पांच्या त्या खिडकीत मला पुन्हा ओढू नकोस. तिथे तुम्हा चौघांची वाक्यं एकमेकांच्या पायात येतात, आणि कोण कुणाला 'हो' म्हणालं हे शेवटी कुणालाच ठाऊक नसतं. मी पत्र लिहीन, तूही पत्रच लिही. मेलने आलं तरी पत्र ते पत्र.

आता काम. तुमच्या नव्या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी, 'पाटी'साठी, मजकूर वाचणारी लायब्ररी मी पुरी केली. माणूस बोलतो तशी लिहिलेली यादी तिला द्यायची. ती शब्द सुटे करते, वस्तू कुठली, आकडा कुठला, वेळ कुठली हे ओळखते आणि पुढच्या प्रोग्रामच्या हवाली करते. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांविषयी बोलतात, मी कंसांविषयी बोलते. शेजारीण म्हणते, "तुमचं बरंय हो, विरंगुळा आहे." विरंगुळा!

प्रत्येक नियमामागे मी एक चाचणी लिहिली आहे. नियम मोडला की चाचणी ओरडते. नावं घरचीच दिली आहेत. 'मामंजींचं वाक्य' म्हणजे कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि शेवट कुठेच नाही. 'आत्याबाईच्या मिशा' म्हणजे जी अट कधीच खरी होणार नाही ती. हसू नकोस. अशी नावं लक्षात राहतात.

एक नियम मुद्दाम सांगते, कारण तो माझ्या नोकरीतला आहे. आकडेवारीच्या कचेरीत आम्ही गावाचं नाव पहिल्या ओळीत एकदा लिहायचो आणि खालच्या ओळींत ती जागा रिकामी सोडायचो. रिकामी जागा म्हणजे वरच्यासारखंच. सगळी कचेरी त्यावर चालली. तोच नियम लायब्ररीत घातला आहे, नाव असो की आकडा. चाचणीचं नाव 'आळशी कारकून'. वापरणाऱ्यांसाठी नियमांचं पान तू लिही. गोड बोलणं तुला जमतं.

तुझी आत्या


१८ जानेवारी

आत्या,

नमस्कार. तुझी लायब्ररी पाटीत बसवली. एकही चाचणी ओरडली नाही. पाटी लिहिणाऱ्या आम्हा चौघांतला दाढीवाला म्हणाला, "तुझ्या आत्याने लिहिलेलं वाचताना पाठ ताठ करून बसावंसं वाटतं." ही स्तुती आहे, असं तो म्हणतो.

आता खरी बातमी. पाटीतला पहिला खराखुरा प्रोग्राम मी आईसाठी लिहिला. आई ज्या वृद्धाश्रमात मुख्य नर्स आहे, तिथे रोज औषधांच्या ताटल्या लावतात. कुणाला कुठली गोळी, किती, कधी, याची यादी आई हाताने लिहायची. आता ती तशीच टाइप करते, अगदी बोलल्यासारखी, तुझी लायब्ररी वाचते आणि प्रत्येक ताटलीसाठी चिठ्ठी छापून येते. वर मी एक सोय केली आहे, 'आवराआवर'. यादी वाचून झाली की प्रोग्राम तीच यादी स्वच्छ मांडून परत लिहून ठेवतो, म्हणजे वेडंवाकडं काही उरत नाही. आई म्हणाली, "स्वतःची खोली आवरत नाहीस, माझी यादी बरी आवरतोस."

तिला हे फार आवडलंय. बाबा गेल्यापासून ती एखाद्या गोष्टीचं इतकं कौतुक करताना मी पाहिली नव्हती.

नियमांचं पान नाही लिहिलं. आत्या, ते वाचायची गरजच पडू नये, हीच तर पाटीची खासियत!

ठोंब्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागवू नकोस. घरी नीट चाललेलं नाही.

आश्रमात एक मास्तर आहेत, चित्रकलेचे. गेल्या आठवड्यात सकाळची औषधं घेतल्यावर त्यांना घेरी आली आणि ते न्हाणीघराच्या दारात पडले. खुब्याचं हाड मोडलं. नाडी मंद करणाऱ्या गोळ्या त्यांना दोन दिल्या गेल्या. डॉक्टरांनी आदल्या दिवशी ती गोळी थांबवायला सांगितली होती. चिठ्ठीवर 'दोन' छापलं होतं, म्हणून सकाळच्या पाळीतल्या नर्सने दोन दिल्या. यादी उघडून पाहिली, तर यादीतही 'दोन'.

यादी आईची. आईला घरी बसवलंय. पहिल्या दिवशी म्हणत होती, मी दोन लिहिलंच नाही. आता म्हणते, "लिहिलं असेल. दिसतंय ना समोर." आश्रमाने आईच्या नावाने एक निवेदन तयार केलंय, माझ्या हातून चुकीचा आकडा टाइप झाला, असं. पुढच्या महिन्यात सही करायची आहे. नोकरी राहील बहुतेक, पण औषधांचं काम पुन्हा देणार नाहीत.

तू जरा तिला लिही. तुझं ती ऐकते.

ठोंब्या


२२ फेब्रुवारी

ठोंब्या,

वाईट झालं. मास्तरांना कोण आहे का बघायला? नसेल तर तू जा.

वहिनीला मी वेगळं लिहीत नाही, तूच सांग. मला फार आश्चर्य वाटलं नाही. तुझ्या बाबाच्या, माझ्या दादाच्या, घरात ती आली त्या पहिल्या आठवड्यात तिने आमटीत दोनदा मीठ घातलं होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं, हिचे हात डोक्याच्या पुढे धावतात. माणूस चांगला, पण घाई. शिवाय तो चष्मा कधीचा आहे? बदल म्हणावं.

चूक झाली तर चूक म्हणावं, सही करावी आणि मोकळं व्हावं. कुढत बसून मास्तरांचं हाड जुळणार नाही. मी नोकरीत असताना माझ्या हाताखालच्यांना हेच सांगत असे: मशीन खोटं बोलत नाही, आपण बोलतो.

तुझी आत्या


५ मार्च

ठोंब्या,

'आळशी कारकून' कुठे गेला?

आज पाटीची ताजी प्रत उतरवून घेतली. माझ्या सगळ्या चाचण्या जागेवर आहेत, ही एक नाही. नियमही बदललाय. बदलांच्या नोंदीत तुझं नाव आणि दोन शब्द: 'किरकोळ दुरुस्त्या'. लिहिणाऱ्याला न विचारता चाचणी काढणं याला किरकोळ म्हणतात का? आमच्याकडे अशा माणसाला साहेब खोलीत बोलवायचे आणि दार लावून घ्यायचे.

कचेरीतला नियम तुमच्या नव्या पिढीला जुनाट वाटला असेल तर तसं तोंडावर सांगायचं. म्हातारीला वाईट वाटेल म्हणून मागच्या दाराने न्यायचं, हे मला मुळीच चालणार नाही.

आत्या


७ मार्च

आत्या,

जुनाट म्हणून नाही. आता फारसं कुणी तसं लिहीत नाही, एवढंच. दाढीवाल्याचंही तेच मत पडलं. महिनाअखेर पाटीचं पहिलं प्रकाशन आहे, थोडी घाई चालू आहे. विषय सोड ना, प्लीज.

आईने चष्मा बदलला. तुझं पत्र माझ्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलं होतं. ते तिने वाचलं.

सही वीस तारखेला आहे.

ठोंब्या


११ मार्च

ठोंब्या,

तू 'विषय सोड' म्हणालास म्हणून मी धरला. लहानपणी तू बशी फोडलीस की असाच आवाज काढायचास.

काल दुपारी मी लायब्ररीची जुनी प्रत आणि तुझा तो प्रोग्राम बसवला आणि वहिनी टाइप करील तशी यादी टाइप केली. मास्तरांच्या नावाखाली पहिल्या ओळीत हाडांच्या गोळ्या: दोन. दुसऱ्या ओळीत नाडीची गोळी. डॉक्टरांनी थांबवलेली, म्हणून पुढे काहीच लिहिलं नाही. जागा रिकामी ठेवली.

चिठ्ठी आली. नाडीची गोळी: दोन.

मग मी माझी यादी उघडली. तिच्यातही 'दोन' होतं. मी न लिहिलेलं 'दोन', माझ्या अक्षरांच्या शेजारी, स्वच्छ आवरून ठेवलेलं. माझ्या नियमाने वरचा आकडा खाली ओढला आणि तुझ्या आवराआवरीने तो तिच्या यादीत भरून टाकला. ती बाई खरं बोलत होती, आणि तिला खोटं पाडणारी यादी आपण दोघांनी मिळून लिहिली.

यादी पुसून पुन्हा टाइप केली. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा करायचं धैर्य झालं नाही. मग चहा करायला गेले आणि दूध ओतून तशीच ओट्यापाशी उभी राहिले. मी त्या पत्रात काय काय लिहिलं ते शब्द न् शब्द आठवत होतं. मीठ. चष्मा. मोकळं व्हावं.

एकच विचारते. तुला कधी कळलं?

आत्या


१२ मार्च

आत्या,

मास्तर पडल्यावर आठवड्याभरात. तुला मास्तरांचं लिहिलं तेव्हा शंका होती, तुझं उत्तर आलं तोवर खात्री झाली होती.

खात्री झाल्यावर पहिला विचार आला तुझा. म्हटलं, आत्याला हे कळलं तर ती पुन्हा एक ओळ लिहिणार नाही. दुसरा विचार प्रकाशनाचा. पहिल्या प्रकाशनाआधीच लोकांना कळलं की पाटीतल्या प्रोग्रामने माणूस पाडला, तर कोण हात लावणार तिला? आम्ही चौघांनी एवढी वर्षं घातली. तुला वाचवतोय असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे आवराआवर माझी होती. रिकाम्या जागेत प्रोग्रामने स्वतःहून काही लिहू नये, हे शाळेतल्या पोराला कळतं. मला यादी चकचकीत दिसायला हवी होती.

तुझा नियम काढला, रिकामी जागा म्हणजे शून्य असं केलं आणि वर 'किरकोळ' लिहिलं. वाटलं, निदान पुढे कुणी पडणार नाही.

रोज संध्याकाळी आई विचारते, "तुझं काम कसं चाललंय रे?" मी म्हणतो, छान. ती म्हणते, "तुझ्या प्रोग्रामला बोल लागला नाही ना माझ्यामुळे?" आत्या, ती असं विचारते.

मी सांगायला जातो आणि पाणी पिऊन परत येतो. तू सांगशील?

ठोंब्या


१३ मार्च

ठोंब्या,

माझं मी सांगेन. तुझं तू सांगायचंस. माझं पत्र तिच्या हातात पडायच्या आधी सांगितलंस, तर तुझी थोडी तरी अब्रू उरेल. ते पत्र मी कागदावर लिहून टपालाने पाठवते आहे, म्हणजे तुला दोन-तीन दिवस मिळतील. त्याहून जास्त मिळणार नाहीत.

मला वाचवायला जाऊ नकोस. मी काही काचेची बरणी नाही.

आत्या


१३ मार्च

वहिनी,

हे पत्र खुर्चीवर बसून वाच.

मास्तरांच्या यादीत तू 'दोन' लिहिलं नव्हतंस. तू जागा रिकामी सोडली होतीस. रिकामी जागा दिसली की वरचा आकडा घ्यायचा, हा नियम मी लायब्ररीत घातला. कचेरीत मी जन्मभर तसं केलं आणि सगळं जग तसंच लिहितं असं धरून चालले. औषधांच्या यादीत रिकाम्या जागेचा अर्थ काय, हे तुला विचारायला हवं होतं. मला ते सुचलंही नाही. तुला काही विचारायची मला सवयच नाही. तुला सांगायची सवय आहे.

मग तो आकडा तुझ्या यादीत कसा आला, ते ठोंब्या सांगेल. सांगितलं नसेल तर त्याला आत्ता हाक मार.

वीस तारखेला सही करू नकोस. मी अठराला येते आहे. जुनी प्रत घेऊन येईन आणि आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना समोर चालवून दाखवीन. माझं निवेदन मी लिहिलं आहे, त्यावर माझी सही झाली आहे.

मीठ, चष्मा आणि बाकी जे लिहिलं ते तू वाचलंस, असं कळलं. ते खोडता येत नाही. माझं चुकलं, वहिनी.

तुझी नणंद


१६ मार्च

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढली आणि पुन्हा वाचलं.

ठोंब्याने मला आदल्या संध्याकाळी सांगितलं. भाजी निवडत होते. तो समोर येऊन बसला आणि माझ्याबरोबर निवडायला लागला, तेव्हाच समजले काहीतरी फुटलंय.

मला पहिल्या दिवशी नक्की आठवत होतं. नाडीची गोळी, पुढे काही नाही. डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. मी तसं म्हटलंही. आश्रमातल्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. तिथे दोन. मग मी म्हटलं, असेल बाई. त्यानंतर घराबाहेर पडले की जिन्यातून परत यायला लागले, गॅस बंद केला का बघायला. कुलूप लावलं की ओढून बघायचं, खाली उतरायचं, परत चढायचं. शेजारी विचारायचे, "काय विसरलं?" मी म्हणायचे, किल्ली. तुमचं पत्र वाचून चष्मा बदलला. नव्या चष्म्यातूनही दोनच दिसलं.

नोकरीचं काय व्हायचं ते होवो. माझी आठवण मला परत मिळाली, हे मोठं आहे. ती कुणी नेली होती, हे कळलं तेव्हा मात्र खूप रडले. घरातच होती.

तुम्ही माफी मागितलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे कुठे ठेवावी ते कळेना. ठेवून घेतली आहे. पुढचं पुढे बघू. ठोंब्याशी मी "वाढू का" आणि "दार लाव" एवढंच बोलते.

आता कामाचं. ठोंब्या म्हणतो, रिकामी जागा दिसली की प्रोग्राम आता शून्य धरतो. हे त्याला कुणी सांगितलं? शून्य द्यायचं असलं तर मी शून्य लिहिते. रिकामं म्हणजे हातातली गोळी खाली ठेवा आणि मला विचारा. नव्या माणसाचं साखरेचं औषध किती द्यायचं ते ठरेपर्यंत मी जागा रिकामी ठेवते. तुमच्या शून्याने ते औषध चिठ्ठीवरून गुपचूप गळून जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. आश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर तो प्रोग्राम अजून चालू होता. मी आजच फोन करून बंद करायला सांगितलंय. घरी बसवलेल्या बाईचं ऐकलं त्यांनी, नशीब.

अठराला या. येताना घाईने गाडी बदलू नका, थेट गाडी आहे.

वहिनी


२३ मार्च

ठोंब्या,

घरी पोचले. तुमच्याकडे असताना तुझ्याशी फार बोलले नाही, कारण तुझी आई ऐकत होती आणि आपण दोघं तिच्यासमोर शहाणपणाचं बोलणं शोभलं नसतं.

आश्रमाच्या बाईंना चालवून दाखवलं ते तू पाहिलंसच. त्या तीनदा म्हणाल्या, "पण यादीत तर दोनच आहे हो." मी म्हटलं, "तोच तर गुन्हा आहे." निवेदन फाडलं. वहिनीला औषधांचं काम परत देण्याचं बैठकीत ठरवतील म्हणे. लगेच नाही दिलं. आपण डाग झटक्यात पाडला, निघायला वेळ लागणार.

एक तुला सांगितलं नाही. निघायच्या दिवशी मी एकटी मास्तरांकडे गेले. पलंगावर होते, पायाला वजन लावलेलं. म्हणाले, "आपण कोण?" मी म्हटलं, "तुम्ही ज्यामुळे पडलात ती ओळ मी लिहिली." ते म्हणाले, "ओळ? मला वाटलं फरशी ओली होती." मी सगळं समजावून सांगितलं. बहुतेक फार सांगितलं. ते मध्येच म्हणाले, "बाई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काय बोलू, ते सांगा, म्हणजे बोलतो. पण माझा पाय दुखतोय. ती खिडकी जरा लावता का?" मी खिडकी लावली आणि आले.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे. मी त्यांना सांगायला गेले की स्वतःचं ओझं उतरवायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. काल 'आळशी कारकुना'च्या जागी नवी चाचणी लिहिली. नाव 'वहिनी'. यादीत जागा रिकामी दिसली की पुढे जायचं नाही, चिठ्ठी छापायची नाही, यादीत स्वतःहून काही भरायचं नाही. थांबायचं आणि विचारायचं. मग तुझ्या 'किरकोळ दुरुस्ती'वर ती चालवली. ओरडली. तुझं शून्य नापास झालं. माझा नियम चुकला कारण मी विचारलं नाही. तुझी दुरुस्ती चुकली कारण तुला विचारता येत नव्हतं; विचारायला गेला असतास तर सांगावं लागलं असतं. आतल्या आत सारवलेलं असंच फुटतं.

ही दुरुस्ती मी करणार नाही. आज संध्याकाळी आई बसली की शेजारी खुर्ची ओढ आणि विचार, रिकामी जागा दिसली की नक्की काय काय करायचं. ती सांगेल तसं लिही. मध्ये बोलू नकोस. ती 'वाढू का' आणि 'दार लाव' यापलीकडे दोन वाक्यं बोलली, तरी पुष्कळ झालं. प्रकाशन लांबलं तर लांबू दे.

नियमांचं पानही आता लिही, आणि बदलांच्या नोंदीत 'किरकोळ' हा शब्द मला दिसता कामा नये. काय चुकलं, कोण पडलं, कुणावर आळ आला आणि कुणी लिहिलं होतं, ते सगळं लिही. लिहिणाऱ्यांची नावं दोन आहेत.

माझं आधी घाल.

तुझी आत्या